डावं-उजवं

तांबट आळीत वाढले,
म्हणून तांब्याचा ठोका मला कानाआधी दाढेत ऐकू येतो.
आबा डावखुरे.
हातोडी डाव्या हातात, हंडा उजव्या गुडघ्यावर.
त्यांच्या हंड्यावरचे ठोके उजेडात धरले
की शेजारच्या हंड्यांच्या उलट कलायचे.
गिऱ्हाइकाला काय त्याचं?
पाणी तेवढंच मावायचं.

आता मी त्र्यंबक रस्त्यावरच्या प्रयोगशाळेत
कोंबडीचं रक्त फिरवते.
यंत्र थांबलं की वर सीरम उरतं,
ताकाच्या निवळीसारखं पिवळट.
त्यात विषाचा एक थेंब.
एक नव्हे गं, निकुंभ मॅडम म्हणतात, दोन.
फॉस्फरसला चार हात, चारही हातांत वेगळं काही,
म्हणून या रेणूला आरशात एक जुळं असतं.
वजन तेच. वास तोच.
हातमोजे बघ तुझे,
डावा उजव्यावर ठेव,
अंगठे कसे पाठ फिरवतात.

काट्याला हा फरक कळत नाही.
रक्ताला कळतो.

सशाच्या सीरमला कॅल्शियमची चिमूट पुरते,
तासाभरात कामाला लागतं.
कोंबडीचं ढिम्म.
पाखरांच्या रक्तात ते विकर जवळपास नसतंच, मॅडम म्हणाल्या,
आणि मला मोतीराम आठवला.
मोतीराम गावित, सुरगाण्याकडचा,
दिंडोरीच्या बागांतून पाठीवर पंप घेऊन फिरतो.
फवारणीनंतरच्या सकाळी
मांडवाखाली पडलेल्या साळुंक्या
तो रुमालात बांधून आम्हाला आणून देतो,
प्रत्येकीचे पाय नीट जुळवून,
जणू कुणाला परत करायच्या आहेत.

एका सोमवारी मॅडम म्हणाल्या,
तांबं घालून बघ.

निळा थेंब पडला.
मी काहीच ऐकलं नाही, खरं सांगते,
पण दाढ शिवशिवली.
पडद्यावर दोन सुळके होते शेजारी शेजारी,
सारख्या उंचीचे.
दहा मिनिटांनी उजवा बसका.
वीस मिनिटांनी टेकाड.
तास भरला तेव्हा उजव्या जागी सपाट रेघ,
आणि डावा
जसाच्या तसा.

कोंबडीच्या रक्तात अल्ब्युमिन असतं, साधं, ओझं वाहणारं.
तांबं हाती येताच त्यानं
एका जुळ्याचा बंध तोडला,
दुसऱ्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

आई पंगतीत वाढताना म्हणायची,
डावं-उजवं करू नये गं.
आणि इथे मी
डावं-उजवं करणाऱ्या एका थेंबाला
वहीत शाबासकी लिहिते.

मोतीरामचं रक्त काढलं तेव्हा
त्यानं दंड पुढे केला, कुठला ते मुद्दाम बघितलं, डावा.
सुई बाहेर आली तसं विचारलं,
ताई, माझं कसलं निघंल?
सशाचं का साळुंकीचं?
हसला तो. मी हसले नाही.
माणसामाणसात फरक असतो, एवढंच म्हणाले.
बरोबर होतं ते,
पण उत्तर नव्हतं.

रात्री आबांना सांगितलं.
म्हटलं, तुमचं तांबं आज विष फोडत होतं.
त्यांनी चष्मा पुसला.
सगळं?
अर्धं. उजवं तेवढं.
डावं उरलं?
उरलं.

बराच वेळ ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले,
ज्या हातावर पहिलीतल्या मास्तरांनी
वर्षभर पट्टी ओढली होती.
मग त्याचं काय करता तुम्ही?

बाटलीत भरतो, आबा.
झाकण लावतो. तारीख घालतो.
शीतपेटीत ठेवतो, दुसऱ्या फळीवर,
आणि अजून कुठल्या जनावराचं रक्त मिळेल
ते शोधत राहतो.

ते काही बोलले नाहीत.
गल्लीत शेवटचं दुकान अजून उघडं होतं,
कुणीतरी उजव्या हातानं ठोकत होतं.
हे त्यांनी मला
न बघता सांगितलं.